हाताने लावलेलं अरण्य

तिजुकाच्या जंगलात घेऊन जाणारा गाईड सगळ्यांत आधी माणसांच्या पायांकडे बघतो. रिओ दी जानेरो हे समुद्रकिनाऱ्यांचं शहर, त्यामुळे इथे आलेला पाहुणा बहुतेक वेळा कापडी बूट नाहीतर सँडल घालूनच फिरत असतो. डोंगरावरच्या आल्तो दा बोआ व्हिस्ता या वस्तीत, जंगलाच्या फाटकापाशी, सकाळी आठच्या सुमारास गट जमतो. तळ गुळगुळीत झालेले बूट घालून आलेल्याला गाईड तिथेच सांगतो की तुम्ही धबधब्यापर्यंत या, शिखरावर नको. मग पाण्याच्या बाटल्या मोजल्या जातात. आभाळ निरभ्र असलं तरी पावसाचं जाकीट सॅकमध्ये आहे ना, हे विचारलं जातं. खाली कोपाकाबानाच्या वाळूवर ऊन तापलेलं असताना वर धुकं असू शकतं. समुद्रावरून येणारे ढग या डोंगरांना अडतात आणि इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो.

एकसष्ट-बासष्ट लाख लोकवस्तीच्या महानगराच्या मधोमध हे जंगल उभं आहे. राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याची घोषणा १९६१ साली झाली. क्षेत्र सुमारे साडेएकोणचाळीस चौरस किलोमीटर. कोर्कोवादो डोंगरावरचा हात पसरलेला ख्रिस्ताचा पुतळा याच उद्यानाच्या हद्दीत येतो, आणि त्यामुळे ब्राझीलमधलं सर्वाधिक गर्दीचं राष्ट्रीय उद्यान हेच. २०१२ साली युनेस्कोने रिओच्या डोंगर आणि समुद्राच्या भूदृश्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यातही तिजुका आहे. पर्यटनाच्या पत्रकांत त्याला जगातलं सर्वांत मोठं शहरी जंगल म्हणतात. ते खरं नाही. याच शहराच्या पश्चिमेला पेद्रा ब्रांका नावाचं राज्य-उद्यान आहे आणि ते तिजुकाच्या तिप्पट मोठं आहे. तिजुकाचं वेगळेपण आकारात शोधू नये. दीडशे वर्षांपूर्वी इथले बरेचसे उतार उघडे पडले होते. आज दिसणारं अरण्य बऱ्याच अंशी माणसांनी लावलेलं आहे आणि उरलेलं त्या लागवडीच्या आसऱ्याने स्वतःहून परत आलेलं आहे.

दिवसभराचा कस लावणारा ट्रेक करायचा तर गाईड सहसा एकच आखणी सुचवतात. फाटकापासून चालत बॉम रेतिरो या मैदानवजा जागेपर्यंत जायचं, तिथून आधी बिको दो पापागायो म्हणजे 'पोपटाची चोच' नावाचा सुळका आणि मग उद्यानातलं सर्वांत उंच शिखर, १,०२१ मीटरचं पिको दा तिजुका, आणि संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आत परत. बॉम रेतिरोपर्यंत गाडी जाते. पण जे गाडीने जातात त्यांचा इतिहासाचा भाग चुकतो, कारण तो सगळा रस्त्याच्या कडेला आहे.

पहिला थांबा धबधब्याचा. कास्कातिन्या टोने. काळ्या कातळावरून सुमारे पस्तीस मीटर खाली येणारं पाणी. याला नाव मिळालं ते निकोला-आंत्वान टोने या फ्रेंच चित्रकारावरून. पोर्तुगालच्या राजघराण्याने नेपोलियनच्या धास्तीने लिस्बन सोडून १८०८ साली रिओ गाठलं, आणि १८१६ साली दरबाराच्या आश्रयाला फ्रेंच कलावंतांचं एक पथक इथे आलं. टोने त्या पथकातला. त्याने धबधब्याजवळ घर बांधलं. आजूबाजूला त्याचे शेजारी म्हणजे कॉफीचे मळेवाले. त्यांतला लसेन नावाचा फ्रेंच मळेवाला सां-दोमिंगच्या, म्हणजे आजच्या हैतीच्या, गुलामांच्या उठावानंतर तिथून परागंदा होऊन आला होता आणि कॉफी लावण्याचं तिथलं ज्ञान सोबत घेऊन आला होता.

त्या ज्ञानाने डोंगराचं काय केलं ते गाईड धबधब्यासमोर उभं करून सांगतो. आधी ऊस आला होता, कोळशासाठी आणि घरांसाठी तोड चालूच होती, त्यात कॉफीची भर पडली. रोपं उताराला आडवी लावायची सोडून वरून खाली सरळ ओळींत लावली जात. पाऊस पडला की त्याच ओळींतून माती वाहून जाई. काही दशकांतच जमिनीचा कस गेला, मळे तोट्यात आले आणि कॉफी आत पाराईबा नदीच्या खोऱ्याकडे सरकली. मागे राहिले उघडे उतार आणि आटलेले ओढे. शहराचं पिण्याचं पाणी याच ओढ्यांतून येत होतं. कारिओका नदीचं पाणी शहरात आणणारा लापाचा कमानींचा जलसेतू १८व्या शतकात बांधून झाला होता. कमानी शाबूत होत्या, पण त्यांच्यावरून वाहणारं पाणी दर दुष्काळात कमी होत होतं. १८२४, १८२९, १८३३ आणि १८४४ या सालांच्या आसपासच्या टंचाईत रिओची माणसं पाण्यासाठी कासावीस झाली.

१८४४च्या टंचाईनंतर सरकारात कुणीतरी म्हणालं की उगमापाशी झाडं लावली पाहिजेत. म्हणण्यात आणि करण्यात बारा वर्षं गेली. १८५६पासून मळ्यांच्या जमिनी सरकारने ताब्यात घ्यायला सुरुवात केली, आणि डिसेंबर १८६१मध्ये सम्राट दुसरा पेद्रो याच्या सरकारने तिजुका आणि पाइनेइरास इथल्या जंगलांची लागवड आणि राखण यांचे नियम काढले. लागवड देशी झाडांची करावी, असं त्यात नमूद होतं. आजच्या पर्यावरणशास्त्राचा जन्मही व्हायचा होता त्या काळातला हा नियम आहे. त्यामागे निसर्गप्रेम नव्हतं, राजधानीची तहान होती. म्हणून तो कमी मोलाचा ठरत नाही. पाण्यासाठी राखलेल्या जंगलांचं नशीब बऱ्याचदा सुंदर म्हणून राखलेल्या जंगलांपेक्षा बरं निघालेलं दिसतं.

मुंबईकरांना याचा पडताळा घराजवळ घेता येईल. त्याच दशकात मुंबई बेटावरच्या विहिरी अपुऱ्या पडल्या होत्या, आणि तिजुकाची कागदपत्रं तयार होत होती तेव्हाच साष्टीत मिठी नदीवर बांध घालून विहार तलाव झाला. त्याचं पाणी १८६० साली शहरात आलं, तुळशी तलाव १८७९मध्ये पुरा झाला. या दोन तलावांच्या पाणलोटासाठी डोंगर राखले गेले, म्हणून आजचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान शिल्लक आहे. दोन महासागरांपलीकडच्या दोन बंदरांना एकाच वेळी एकाच गरजेने जंगलाकडे वळायला लावलं. मुंबईत होतं ते राखलं गेलं. रिओत गेलेलं परत आणावं लागलं.

परत आणण्याचं काम मेजर मानुएल गोमेस आर्चर याच्याकडे सोपवलं गेलं. हा लष्करी पेशाचा आणि झाडांचा जाणकार. त्याने १८६२च्या सुरुवातीला काम हाती घेतलं. रोपं बाजारात मिळत नव्हती. ती त्याने शेजारच्या पाइनेइरासच्या शिल्लक जंगलातून उचलून आणली आणि ग्वारातिबातल्या स्वतःच्या जमिनीतून आणली. बी पेरण्यापेक्षा वाढलेली रोपं मुळासकट आणून लावण्यावर त्याचा भर होता. १८७४पर्यंत साठ हजारांहून जास्त झाडं लागली.

ही झाडं आर्चरने लावली, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. खड्डे खणणारे हात दुसऱ्यांचे होते. सुरुवातीला त्याच्या दिमतीला सहा गुलाम दिले गेले होते. त्यांची नावं एलेउतेरिओ, कॉन्स्तांतिनो, मानुएल, मातेउस, लेओपोल्दो आणि मारिया. कागदावर फक्त ही पहिली नावं आहेत. पुढे गुलामांची संख्या बदलत गेली, मजुरीवर माणसंही आली, पण सुरुवात या पाच पुरुषांनी आणि एका स्त्रीने केली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपली ती १८८८च्या मे महिन्यात, म्हणजे आर्चरची कारकीर्द संपून चौदा वर्षं झाल्यावर. चांगले गाईड ही सहा नावं एकेक करून मोठ्याने घेतात. ज्या उतारावर एकेकाळी गुलामांकडून जंगल तोडून कॉफी लावून घेतली, त्याच उतारावर गुलामांकडूनच कॉफी काढून जंगल लावून घेतलं गेलं. तिजुकाची कुठलीही गोष्ट या वाक्याशिवाय अपुरी आहे.

त्याचबरोबर हेही खरं, की साठ हजार झाडं एवढ्या डोंगररांगेला पुरणारी नाहीत. कड्यांच्या बेचक्यांत, जिथे कुऱ्हाड पोचली नव्हती तिथे, मूळचं जंगल तुकड्यातुकड्यांनी टिकून होतं. तोड थांबली, माती धरली गेली, आणि त्या तुकड्यांतून पक्ष्यांनी, वटवाघळांनी, वाऱ्याने बी आणून उरलेलं भरून काढलं. माणसाने लावलेलं कुठे संपतं आणि आपोआप आलेलं कुठे सुरू होतं, हे आज जाणकाराला झाडागणिक तपासावं लागतं.

आर्चरनंतर आला बॅरन देस्क्रान्योल. त्याने १८७४ ते १८८८ या काळात लागवड पुढे नेली, पण त्याला वन हवं होतं ते फिरायला. ग्लाझिऊ या फ्रेंच उद्यानकाराच्या मदतीने त्याने वाटा, पूल, कारंजी, बघण्याच्या जागा केल्या आणि शोभेसाठी परदेशी झाडंही आणली. राजेशाही गेल्यावर जंगलाकडे कुणाचं फारसं लक्ष राहिलं नाही. मग १९४३ ते १९४६ या काळात उद्योगपती आणि कलासंग्राहक कास्त्रो माया याने नाममात्र मानधनावर त्याची डागडुजी केली आणि बुर्ले मार्क्ससारख्या उद्यानकाराला सोबत घेतलं. रस्त्याकडेच्या गुलाबी रंगाच्या मायरिंक चॅपेलमध्ये कांदिदो पोर्तिनारी या चित्रकाराची चित्रं आहेत, ती याच काळातली. आता तिथे प्रतिकृती लावल्या आहेत. गट इथे घोटभर पाणी पितो आणि पुढे निघतो.

बॉम रेतिरोला डांबर संपतं आणि पायवाट सुरू होते. पहिल्या दहा मिनिटांतच आवाज बदलतो. गाड्यांची घरघर जाते, आणि किड्यांची किरकिर इतकी सलग होते की थोड्या वेळाने ती ऐकू येईनाशी होते. वाट सह्याद्रीतल्यासारखी मुरमाड नाही. लाल, चिकट माती आहे आणि तिच्यावर मुळांचं जाळं. पावसात माती वाहून जाते, मुळं मात्र जागेवर राहतात. चढावर त्यांच्याच पायऱ्या होतात, पण ओल्या मुळावर तिरका पाय पडला की माणूस घसरलाच. म्हणून गाईड वारंवार एकच सांगतो, मुळावर पाय देऊ नका, दोन मुळांच्या मधल्या मातीत द्या.

झाडांची फांदीन् फांदी कुणीतरी बळकावलेली असते. ब्रोमेलियाड या अननसाच्या कुळातल्या वनस्पती फांदीवर बसतात, जमिनीशी त्यांचा संबंध नसतो. पानं बुडाशी घट्ट आवळलेली असल्याने मधोमध पेला तयार होतो आणि त्यात पावसाचं पाणी साठतं. वाटेलगतच्या एखाद्या ब्रोमेलियाडवर टॉर्चचा झोत टाकून गाईड आत बघायला सांगतो. कुजलेली दोन पानं, डासांच्या वळवळणाऱ्या अळ्या आणि नशीब असेल तर अंगठ्याच्या नखाएवढा बेडूक. या पेल्यांतच वाढणाऱ्या बेडकांच्या जाती ब्राझीलच्या या किनारी जंगलात आहेत. माता अटलांटिका असं या जंगलपट्ट्याचं नाव. पोर्तुगीज आले तेव्हा तो किनाऱ्याने सलग पसरला होता, आज त्याचा जेमतेम आठवा हिस्सा उरला आहे. आपला पश्चिम घाट आणि हा पट्टा, दोन्ही जगातल्या जैवविविधतेच्या अतिसंवेदनशील प्रदेशांच्या यादीत आहेत.

आणि मग एका वळणावर खोडाला लगडलेले फणस दिसतात.

कोकणातून किंवा गोव्यातून आलेला माणूस इथे हमखास थांबतो. तीच जाड काळपट पानं, तोच चीक, पिकलेल्या फळाचा तोच दूरवर जाणारा वास. फणस मूळचा पश्चिम घाटाचा. पोर्तुगीजांनी तो १७व्या शतकात आशियातल्या आपल्या वसाहतींकडून ब्राझीलमध्ये नेला. तिथे तो इतका रुजला की ब्राझीलच्या बाजारातही त्याचे दोन प्रकार ओळखले जातात, टणक गऱ्यांचा आणि मऊ गऱ्यांचा. आपल्याकडचे कापा आणि बरका हेच. कोवळ्या फणसाचं सारण भरून केलेले पदार्थ रिओच्या शाकाहारी खाणावळींत मिळतात.

गाईडचा चेहरा मात्र या झाडापाशी गंभीर होतो. तिजुकात फणस आक्रमक झाड ठरला आहे. तो झाडाखाली बघायला सांगतो. तिथे दुसरं काही उगवलेलं नसतं, हातभर उंचीची फणसाचीच दाट रोपं असतात. एका फळात शेकडो आठळ्या असू शकतात. फळ झाडाखालीच फुटतं, आठळी वाळली की मरते पण ओल मिळाली की लगेच रुजते, आणि इथे ओल बाराही महिने असते. कोकणात आठळ्या उकडून, भाजून, मातीत घालून पावसाळ्यासाठी राखून माणसं खातात. गुरं, माकडं, गवे असे फळाचे वाटेकरी तिथे आहेत, झाडाचे रोग आणि किडीही आहेत. तिजुकात हा हिशेब जुळलेला नाही. इथला कोआटी, म्हणजे लांब नाकाचा आणि पट्टेरी शेपटीचा प्राणी, फणसावर ताव मारतो खरा, पण तेवढ्याने रोपं आटोक्यात येत नाहीत. देशी झाडांची रोपं सावलीत दबून जातात.

उद्यानात फणस आवरण्याचं काम अनेक वर्षं चालू आहे. स्वयंसेवकांच्या मदतीने रोपं उपटली जातात. मोठ्या झाडाच्या बुंध्याची साल गोलाकार सोलून काढतात, म्हणजे अन्नरस मुळांकडे उतरत नाही आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. यावर रिओत नाराजीही आहे. तीनशेहून जास्त वर्षं जे झाड गरिबांच्या पोटाला आधार झालं, त्याला परकं कसं म्हणायचं, असा तो प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. पण परसातला फणस आणि राखीव जंगलातला फणस यांत फरक करायला हवा. फणसावर जीव असलेल्या माणसालाही तिजुकातलं त्याच्या सावलीतलं रिकामं रान एकदा नीट पाहिलं की उद्यानवाल्यांचं म्हणणं पटतं.

फणसाहून मोठी अडचण डोळ्यांना दिसत नाही. झाडं परत आली, पण प्राणी आले नाहीत. शेकडो वर्षांच्या शिकारीने आणि तोडीने जे संपले होते, त्यांना चहूबाजूंच्या शहरातून परत यायला वाटच नव्हती. केंट रेडफर्ड या जीवशास्त्रज्ञाने १९९२ साली 'रिकामं जंगल' ही कल्पना मांडली. उपग्रहातून हिरवंगार दिसणारं, पण आत बी पसरवणारं कुणी नसलेलं जंगल. तिजुका हे त्याचं ठसठशीत उदाहरण होतं. मोठ्या बियांची झाडं म्हातारी होत होती आणि त्यांच्या बिया झाडाखालीच किडून जात होत्या.

पहिले प्रयत्न १९७०च्या दशकात झाले. आदेल्मार कोइंब्रा-फिल्यो या निसर्गशास्त्रज्ञाने टूकन पक्षी इथे परत सोडले आणि ते टिकले. आज वाटेवर मोठ्या चोचीचा टूकन दिसला, तर तो त्यांचा वंशज. खरी पद्धतशीर सुरुवात २०१०च्या सुमारास झाली. रिओच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी 'रेफाउना' हा प्रकल्प हाती घेतला आणि सगळ्यांत आधी निवडला तो अगूटी. सशापेक्षा थोडा मोठा, तपकिरी, उंच पायांचा, उंदराच्या गणातला प्राणी. तो शोधायला दूर जावं लागलं नाही. रिओच्या ऐन मध्यवर्ती भागात, कचेऱ्या आणि बसथांब्यांच्या गर्दीत, कांपो दी सांताना नावाची जुनी बाग आहे. तिथे अगूटी मोकळे फिरत होते. शहराच्या बागेतले प्राणी पकडले, तपासले, जंगलातल्या कुंपणात काही काळ सवयीला ठेवले आणि मग सोडले. त्यांना तिथे पिल्लं झाली.

अगूटीच का? त्याचे पुढचे दात इतके बळकट असतात, की कडक कवचाच्या बिया तो फोडू शकतो. भूक भागली की उरलेल्या बिया तो एकेक करून वेगवेगळ्या जागी उकरून पुरून ठेवतो. त्यातल्या बऱ्याच तो पुन्हा उकरून खातो, काही राहून जातात आणि त्यांची झाडं होतात. ब्रेजाउव्हा नावाचा काटेरी खोडाचा एक ताड इथे आहे, त्याच्या बिया अगूटी आल्यावर परत मातीत पुरल्या जाऊ लागल्याचं संशोधकांनी नोंदवलं. आर्चरच्या माणसांनी पहारीने केलेलं काम दीडशे वर्षांनी एक प्राणी पंज्यांनी करतो आहे. वाटेत कुठे पाचोळ्यात पावलांचा जलद आवाज आला की गाईड हात वर करून सगळ्यांना थांबवतो. बहुतेक वेळा तपकिरी पाठ क्षणभर दिसते, आणि मग काही नाही.

२०१५ साली हाउलर माकडं सोडली गेली. शंभरहून अधिक वर्षं तिजुकात त्यांची हाक ऐकू आली नव्हती. ही माकडं पानं आणि फळं खातात, त्यांच्या विष्ठेतून बिया खाली पडतात, आणि शेणकिडे त्या विष्ठेच्या गोळ्या करून बियांसकट जमिनीत पुरतात. माकड नव्हतं तेव्हा या साखळीतली कडीच गळून पडली होती. पण काम रुळावर येतं न येतं तोच पीतज्वराची साथ आली. २०१६ ते २०१८ या काळात आग्नेय ब्राझीलमध्ये या रोगाने हाउलर माकडं मोठ्या संख्येने मेली. डासांनी पसरणाऱ्या या रोगाला ती माणसापेक्षाही लवकर बळी पडतात. प्रकल्पाला नवी माकडं सोडणं थांबवावं लागलं. २०२०मध्ये पिवळ्या पायांची जंगली कासवं सोडली गेली, तीही बिया खाऊन पसरवणारी.

पीतज्वराचा धागा भारतातून जाणाऱ्या प्रवाशालाही लागू आहे. ब्राझीलला जाण्याआधी किमान दहा दिवस मान्यताप्राप्त केंद्रात ही लस टोचून घ्यावी आणि पिवळं प्रमाणपत्र पासपोर्टबरोबर ठेवावं. परतताना ते नसेल तर भारतीय विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. भारतात हा रोग नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घरोघर आहे. म्हणून हा नियम कडक आहे.

'पोपटाची चोच' सर करताना दिवसाचा पहिला खरा कस लागतो. हजार मीटरला थोडी कमी उंची, शेवटचा टप्पा दगडांच्या राशीतून. दोन्ही हात वापरावे लागतात, कुठे झाडाचं मूळ धरून अंग वर ओढावं लागतं. अंतर फार नाही. दमवते ती हवा. घाम वाळत नाही, कपडे अंगाला चिकटतात, आणि आपण किती पाणी गमावतोय याचा अंदाज येत नाही. इथे अनुभवी गाईड गटातल्या सर्वांत हळू माणसाला पुढे घेतो आणि स्वतः मागे राहतो. सह्याद्रीत संस्थांसोबत ट्रेक करणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. ब्राझीलमध्ये पर्यटक-गाईडला सरकारी नोंदणी लागते. नोंदणी असलेला गाईड घ्यावा, हे एवढ्यासाठीच नाही. इथल्या काही वाटांवर लुटीच्या घटना झालेल्या आहेत, वाटा फुटतात तिथे लोक चुकतात, आणि आज कुठल्या वाटेने जाऊ नये, हे स्थानिक माणसालाच ठाऊक असतं.

सुळक्यावरून खिंडीत उतरून परत चढ. झाडं बुटकी होत जातात, खोडांवर शेवाळ वाढतं, आणि एकदम समोर उघडा कातळ येतो. त्यात ११७ पायऱ्या खोदलेल्या, बाजूला लोखंडी खांबांना ओवलेली साखळी. हरिहर गडाच्या पायऱ्या चढलेल्या मराठी माणसाला पोटातली ती जुनी भीती लगेच आठवते, कारण इथेही पायरी अरुंद आहे आणि मागे वळून पाहिलं की खाली नुसती झाडांची डोकी. या पायऱ्या एका माणसासाठी खोदल्या गेल्या. १९२० साली बेल्जियमचा राजा पहिला आल्बेर्त ब्राझीलच्या भेटीला येणार होता. त्याला शिखरावर नेण्यासाठी ही तयारी. राजा स्वतः पट्टीचा गिर्यारोहक होता. त्याने पायऱ्या सोडून शेजारचा कातळ चढणं पसंत केलं, असं इथे सांगतात. १९३४ साली बेल्जियममध्ये कडा चढतानाच पडून तो गेला. त्याच्यासाठी खोदलेल्या पायऱ्यांवरून आज दर रविवारी शाळकरी पोरं आणि आज्या साखळी धरून वर जातात.

माथ्यावर पोचलं की रिओ एका फेरीत बघून होतं. उत्तरेला ग्वानाबारा उपसागर, त्यावरचा नितेरोईला जाणारा लांबच लांब पूल, अलीकडे माराकाना स्टेडियमचं गोल छप्पर. हवा स्वच्छ असेल तर पलीकडे ऑर्गाव डोंगररांगेचे सुळके. दक्षिणेला पेद्रा दा गाव्हिया आणि समुद्र. शहर डोंगरांच्या पायथ्याशी किती चिकटून आहे, हे इथूनच कळतं. प्रत्येक दरीच्या तोंडाशी फावेला, म्हणजे गरिबांच्या दाट वस्त्या, उताराने वर चढत आलेल्या दिसतात.

त्या वस्त्यांना जंगलाचा अर्थ वेगळा आहे. १९६६च्या जानेवारीत रिओत प्रचंड पाऊस झाला, दरडी कोसळल्या आणि शेकडो माणसं गेली. सर्वांत जास्त फटका उतारावर राहणाऱ्या गरिबांना बसला. त्याच वर्षी शहराने उतारांवर देखरेख करणारी भूतंत्र संस्था स्थापन केली, ती आजही काम करते. १९९६च्या फेब्रुवारीत याच डोंगररांगेच्या पश्चिम बाजूला पुन्हा दरडी आल्या. उघड्या उतारांवर आधार द्यायला झाडांची मुळं नसतात, आणि मुळं नसण्याचं मोठं कारण आफ्रिकेतून आलेलं गिनी गवत. आपल्याकडे शेतकरी ते चाऱ्यासाठी लावतात. रिओच्या डोंगरांवर ते पुरुषभर वाढतं आणि कोरड्या हिवाळ्यात वाळून खडखडीत होतं. मग एक ठिणगी पुरते. जून महिन्यातल्या सणांत आगीवर चालणारे कागदी फुगे आभाळात सोडण्याची जुनी हौस इथे आहे. १९९८च्या कायद्याने ती गुन्हा ठरली तरी फुगे सुटतातच, आणि एखादा विझायच्या आत डोंगरावर उतरतो. गवत जळतं, झाडांची रोपं जळतात, आणि पहिल्या पावसात गवतच परत आधी उगवतं. दरवर्षी आग जंगलाचा काठ थोडा आत ढकलते.

याच्याविरुद्धचं काम शहर १९८६पासून करतं आहे. महापालिकेच्या या योजनेत उताराजवळच्या वस्त्यांतलेच लोक रोजगारावर घेतले जातात. आधी ते गिनी गवत कापतात, तेही आगीला अडवणाऱ्या पट्ट्यांनी. मग जलद वाढणारी देशी झाडं लावतात, म्हणजे तीन-चार वर्षांत सावली धरते आणि ऊन न मिळाल्याने गवत मरतं. सावली धरली की हळू वाढणारी, मोठ्या बियांची झाडं त्यांच्या मध्ये जातात. आजवर लाखो रोपं अशी लागली आहेत आणि पूर्वी नुसतं गवत असलेले कितीतरी उतार आज झाडांखाली आहेत. ज्या वस्तीच्या वरचा उतार हिरवा झाला, तिथे पावसाळ्याच्या रात्री माणसं झोपू शकतात, आणि मजुरी त्याच वस्तीत राहते. तिजुकाच्या सगळ्या इतिहासातला हा भाग शिखरावरून उतरणाऱ्या पर्यटकाला सर्वांत आधी सांगायला हवा, असं मनापासून वाटतं. कारण फाटकाबाहेर पडणारी बस याच उतारांवरून खाली जाते.

बसच्या खिडकीतून त्या लागवडीच्या जागा ओळखता येतात. झाडं एका वयाची, एका उंचीची असतात, मधून कापलेल्या गवताचे मोकळे पट्टे जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरात पहिले पाऊस सुरू होण्याआधी मुकादम माणसांना ओळीने उभं करतो. पहारीने खड्डे घेतले जातात, उताराला आडवे, कॉफीच्या मळेवाल्यांनी घेतले होते तसे वरून खाली नाहीत.